पहिला घास काढणाऱ्याचा

एकतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यात बुरशी हा माझा खास विषय. आणि या एकतीस वर्षांत रानातली अळंबी मी एकदाही स्वतःच्या हाताने काढून खाल्ली नव्हती. निवृत्त झाल्यावर आता हे कबूल करायला हरकत नाही. आमच्याकडे पाऊस नुसता तोंड दाखवून जातो. त्यामुळे पावाचा तुकडा ओला करून झाकून ठेवायचा, त्यावर काळी लव आली की ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची आणि उरलेलं सगळं रंगीत खडूने फळ्यावर काढायचं, अशी माझी बुरशी. बाटल्यांत बुडवून ठेवलेल्या काही छत्र्या होत्या, पण रंग उडून त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या.

उन्हाळ्यात मी डोंबिवलीला भाचीकडे गेले होते. तिच्या शेजारी रसिका राहते. पहिलटकरीण, हसरी, बोलायला लागली की थांबत नाही. तिचं माहेर रत्नागिरीकडचं. मी अळंबीवर बोलत होते तेव्हा तिने सरळ विचारलं, "मावशी, तुम्ही वारुळावरची अळंबी खाल्लीय?" मी नाही म्हटल्यावर तिने असं काही पाहिलं, की माझी एकतीस वर्षं फुकट गेल्यासारखं वाटलं. मग म्हणाली, "मी सातव्या महिन्यात माहेरी जाणार. पाऊस चालू असेल. तुम्ही पण या. मला तर बाकी कसलेच डोहाळे नाहीत, फक्त आयेच्या हातची अळंबी खायचीय."

तर अशी मी आषाढात कोकणात जाऊन आले.

पालीपासून आत

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून पालीला आले आणि तिथून रिक्षाने आत, रसिकाच्या वाडीवर. गावाचं नाव लिहायचं नाही, असं तिच्या आईने, सुमनताईंनी, मला बजावलंय. त्यामागचं कारण लेख वाचताना लक्षात येईलच.

सुमनताई पंचावन्नच्या आसपासच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. यजमान मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, ते गणपतीला येणार. त्यामुळे चार कुणग्यांची, म्हणजे चार लहान खाचरांची, भातशेती, दोन म्हशी आणि आता बाळंतपणाला आलेली लेक, सगळं एकट्या सुमनताईंवर. मी पडवीत पाय ठेवला तेव्हा त्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या.

"आलात? बसा. पावसान लय भिजवला न्हाय ना?"

भिजवलं होतं. छत्री घाटातच उलटली होती. जेवायला कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा. आमच्याकडे पाहुणा आला की पंक्तीत वाढून वाढून त्याचा जीव नकोसा करतात. इथे ताट समोर ठेवतात आणि आपल्या कामाला लागतात. हवं असेल तर मागायचं. मला हे फार आवडलं आणि मी तिसऱ्यांदा पिठी मागितली.

दोन दिवसांत माझ्या चामडी चपलांवर हिरवट-पांढरी लव आली. रसिका ओरडली, "ई, मावशी!" मी मात्र चष्मा लावून खाली बसले. कॉलेजात हे पीक काढायला मला आठवडा लागायचा. इथे नुसत्या चपला कोपऱ्यात ठेवल्या की झालं.

वारूळ

तिसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई मला घेऊन निघाल्या. दगडी गडग्याच्या कुंपणावरून उतरलो, वहाळाचं पाणी ओलांडलं, पुढे थोडा कातळ आणि मग किंजळीच्या झाडांची दाटी. मध्येच त्या थांबून मागे बघायच्या. कुणी पाठोपाठ येत नाही ना, याची खात्री करत होत्या. अळंबीची जागा इथे घरोघरी वेगळी असते आणि ती भावकीतही सांगत नाहीत. नवी सून आली की सासू तिला एकदा नेऊन दाखवते, तेवढंच.

"माज्या सासून मला हिकडं आणली, तवा रसिका पोटात व्हती," सुमनताई म्हणाल्या. "तेच्या आदी न्हाय आणली. म्हनाली, ह्यी पोरगी टिकते काय बगूया."

मला परक्या बाईला का आणलं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

समोर कमरेएवढं वारूळ होतं आणि त्याच्या पायथ्याशी मातीतून बोटाच्या पेराएवढी करडी टोकं वर आली होती. मी आनंदाने हात पुढे केला, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"बोट नका दाखवू. कुजतात."

त्यांनी स्वतः दाखवताना मूठ मिटून पुढे केली. मग मीही मिटल्या मुठीने दाखवू लागले. शास्त्रात याला आधार नाही. पण ती टोकं बघत असताना मलाही विषाची परीक्षा घ्यावीशी वाटली नाही.

आता माझी पाळी होती. मी त्यांना सांगितलं की वाळवीला लाकूड पचत नाही. ती पाचोळा, लाकूड चावून आत नेते, त्याचे स्पंजासारखे गोळे रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी ते लाकूड मऊ करते, मग वाळवी ते खाते. आत हवा खेळती ठेवते, ओल राखते, दुसरी कसली बुरशी उगवली तर उपटून टाकते. पावसात तीच बुरशी जमिनीतून वर येऊन छत्री उघडते, ती अळंबी.

सुमनताई ऐकत होत्या. "म्हंजे आत लावणी चालू हाय, आन् बेननी पन."

"अगदी, तण काढणं आलंच."

"मंग ही तेंची शेती. आपन वरची वर खाताव." त्यांनी वारुळाला हात जोडले. "म्हनून आमी उगडलेल्या छत्र्या ठेवताव. मिटलेल्या तेवड्या काढायच्या. सगळ्या न्हेल्या तर पुडल्या साली काय यील?"

उघडलेल्या छत्रीतूनच बीजाणू उडतात, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. या बाईने ते न लिहिता पाळलं होतं.

परतताना त्या म्हणाल्या, "उद्या न्हायतर परवा काढू. पन श्रावनाच्या आदी. श्रावन लागला की आमच्यात बंद. ही भाजी न्हाय, मच्छीमटनात धरताव."

मला हसू आलं आणि अर्ध्या वाटेत ते विरलं. कारण सुमनताई बरोबर होत्या. बुरशी ही वनस्पती नव्हेच. तिच्यात हिरवं काही नसतं, ती स्वतःचं अन्न तयार करत नाही आणि तिच्या पेशींभोवती जे कवच असतं तेच द्रव्य खेकड्याच्या कवचातही असतं. नात्याने ती झाडापेक्षा प्राण्याला जवळची. मी एकतीस वर्षं ती वनस्पतिशास्त्राच्या तासाला शिकवली. सोलापुरात तर मटार-मशरूम हा सोवळ्यातला पदार्थ आहे.

श्रावण सहा दिवसांवर होता. श्रावण संपेपर्यंत अळंबीही संपते. म्हणजे रसिकाला खायला मिळायची तर याच सहा दिवसांत.

दीडशहाणपणा

दुसऱ्या दिवशी सुमनताईंना शेजारच्यांच्या लावणीला जाणं भाग होतं. त्यांची माणसं आपल्या शेतावर येऊन गेली, आता आपण जायचं. पहाटेच इरलं घेऊन त्या गेल्या. रसिका ओट्यावर बसून म्हणाली, "आज वाढली असतील. आये दमून येणार. उद्या कोण जाणे, कुणी नेली तर?"

एवढं कारण मला पुरलं. मी फळं कापायची सुरी घेतली, टोपली घेतली आणि एकटीच निघाले. वहाळात एकदा घसरून बसकण मारली, ते कुणी बघितलं नाही.

वारुळाभोवती अळंबीच अळंबी होती. मी शिकवल्याप्रमाणे, प्रत्येक देठ मातीच्या वर सुरीने अलगद कापला. उपटायचं नाही, खालचं जाळं दुखावतं, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे. उघडलेल्या छत्र्या ठेवल्या. थोडं बाजूला, गवताच्या कडेला, आणखी काही मिटलेल्या होत्या. त्याही घेतल्या. टोपली भरली. दोन अर्धवट उघडलेल्या छत्र्या माझ्या वहीसाठी वेगळ्या काढून, घरी आल्यावर खोलीत पांढऱ्या कागदावर पालथ्या घातल्या आणि वर वाटी झाकली. रात्रभरात बीजाणूंचा ठसा उमटतो, तो मला हवा होता.

रसिकाने टोपली बघून मला मिठीच मारली.

सुमनताई दुपारी आल्या. साडी चिखलाने माखलेली, बोटं पांढरी पडलेली. टोपलीत हात घालून त्यांनी एक अळंबी उचलली, उलटी केली, देठाचं कापलेलं टोक बघितलं. दुसरी बघितली.

"सगळी येकाच जागंवरली?"

"हो," मी म्हटलं. "वारुळाभोवतीचीच."

त्या चुलीकडे वळल्या. नारळ खवला, कांदा भाजला, वाटण केलं, आमसुलं टाकली. घरभर असा वास सुटला की रसिका पाट घेऊन आधीच बसली. मग सुमनताईंनी एकच ताट वाढलं आणि ते माझ्यापुढे ठेवलं. त्या दोघींची ताटं रिकामी.

"आमच्यात असा हाय," त्या म्हणाल्या. "जेन काढली, तेचा घास पयला. तेचा जेवान झाला की मंग बाकीच्यानी."

मी भाकरीचा तुकडा मोडला. समोर रसिका पोटावर हात ठेवून, डोळे मोठे करून बघत होती. आणि तुकडा रश्श्यात बुडवताना माझा हात थांबला.

गवताच्या कडेच्या त्या. त्यांच्यातल्या दोन-तीन देठांवर सैलसर कडं होतं. कापताना मी ते पाहिलं होतं आणि पुढे गेले होते. तशा कड्याची, हिरव्या बीजाणूंची एक अळंबी असते. खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. कोवळेपणी ती साधीभोळी, पांढरी दिसते. वारुळावरच्या अळंबीला जमिनीत खोल गेलेलं लांब मूळ असतं, तिला नसतं. मूळ बघितलं तर शेंबडं पोरही फरक सांगेल. पण मी तर सगळी मुळं जमिनीतच सोडून आले होते. कोणती कोणती, ते आता मलाच काय, कुणालाच सांगता आलं नसतं.

मी खाऊन टाकलं असतं तर? मला कदाचित काही झालंही नसतं. माझ्या वाटीत चांगलीच आली असती, आणि रसिकाच्या वाटीत दुसरी. शिवाय विषारी अळंबी अर्ध्या तासात बोलते असं नाही. काही तर दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसतात. माझं जेवण होईपर्यंत वाट बघून काहीच कळलं नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात येऊन गेलं, आणि त्याच्याबरोबर हेही, की मी कॉलेजात शिकवणारी बाई आहे, तज्ज्ञ आहे, आणि पोरगी समोर आशेने बसली आहे.

मी तुकडा ताटात ठेवला. "मला खात्री नाही," मी म्हटलं. "कडेची काही वेगळी असतील. मला ओळखता येत नाही आता."

सुमनताई उठल्या. पातेलं उचललं, मागच्या दाराने गेल्या, परसात खड्डा काढून सगळं त्यात ओतलं आणि कुत्र्याकोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर माती आणि दगड टाकला. रसिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आपलं रिकामं ताट उचलून ठेवलं आणि तेच मला जास्त लागलं. मला इतकी लाज वाटली, की बॅग उचलून निघावं असं वाटलं.

सुमनताईंनी पातेलं घासून आणलं आणि कुळथाची पिठी चुलीवर टाकली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"न्हाय. मूळ न्हाय तर मला काय दिसनार? मी तरी काय म्हनू, शिकलेल्या बाईस?" त्या पिठी ढवळत राहिल्या. "म्हनून तर तुमच्या म्होरं ठेवला. खोटा बोलनारा पन ताटावर बसला की थांबतो."

म्हणजे ही परीक्षा अळंबीची नव्हतीच. मी उगाच विष किती तासांनी चढतं याचा हिशेब मांडत बसले होते. काढणाऱ्याने काढतानाच त्या ताटाची आठवण ठेवावी, एवढ्यासाठी हा रिवाज.

"बरा केलात थांबलात," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात पिठी वाढली.

वाट बघायचे दिवस

सकाळी वाटी उचलली. एका छत्रीखाली कागदावर फिकट गुलाबीसर ठसा होता. दुसरीखाली, अगदी स्पष्ट, शेवाळी हिरवा. मी तो कागद रसिकाला दाखवला. ती कागदावर वाकली आणि म्हणाली, "मावशी, हा मी ठेवू?" तिथे आमचं पुन्हा जमलं.

सुमनताईंबरोबर मी वारुळाशी गेले. काठीने उकरून बघितलं. वारुळाजवळच्या प्रत्येक कापल्या देठाखाली मूळ लांबच लांब खाली गेलं होतं. गवताच्या कडेची चार मात्र पेरभर खाली जाऊन संपली होती. आजूबाजूला नवं टोक एकही नव्हतं.

"यील?" मी विचारलं.

"पाऊस आन् ऊन दोनी पडला तर यील. चार दिस हायत."

ते दिवस मी रिकामी बसले नाही. रसिका आणि मी रोज हळूहळू बागेतून चालायचो. मोडून पडलेल्या आंब्याच्या खोडावर कानासारख्या तपकिरी पाळ्या होत्या. त्या लाकूड खाऊन माती करत होत्या. मी तिला सांगितलं, हे नसतं तर आजवर पडलेलं प्रत्येक झाड आणि प्रत्येक पान तसंच पडून राहिलं असतं आणि आपल्याला उभं राहायला जागा उरली नसती. पाचोळा उचलून खालचे पांढरे धागे दाखवले. काही धागे झाडाच्या मुळांना जोडलेले असतात, लांबून पाणी आणि क्षार आणून देतात, बदल्यात झाडाने केलेली साखर घेतात. भातावरचा करपाही बुरशीच, हे सुमनताईंना ठाऊक होतं. त्यांच्या आंबोळीचं पीठ रात्रीत फुगतं त्यातही तिचा हात आहे, हे मात्र त्यांना पटेना.

"ती तर माज्या हाताची चव."

मी वाद घातला नाही. आंबोळी जाळीदार झाली होती आणि मी चौथी खात होते.

लहानपणी रसिकाला न्यूमोनिया झाला होता आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन वाचवली, ही गोष्ट त्यातच निघाली. ते औषध कोणतं ते सुमनताईंनी नाव घेऊन सांगितलं. मी म्हटलं, हे मूळचं बुरशीपासूनच मिळालेलं. त्या रसिकाकडे बघत राहिल्या. मग उठून कोपऱ्यातल्या माझ्या बुरसटलेल्या चपला बघून आल्या, काय समजल्या कोण जाणे.

पहिले दोन दिवस नुसता पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं.

श्रावणाच्या आदल्या दिवशी

शेवटच्या सकाळी सुमनताईंनी मला हाक मारली. रसिका झोपलीच होती. वारुळाच्या मागच्या बाजूला, जिथे मी सुरी लावली नव्हती, तिथे अकरा आल्या होत्या.

मी मागे सरले. "तुम्ही काढा."

"तुमी काढा," सुमनताई म्हणाल्या आणि सागाची पानं पसरून दगडावर बसल्या.

मी ओल्या मातीत बोटं खुपसली. देठ धरून हलकेच हलवला, पुन्हा हलवला, आणि ओढला. मूळ येतच राहिलं, येतच राहिलं. हातभर लांब, खाली निमुळतं, टोकाला काळसर. शेवटी ते सुटलं तेव्हा मला या वयातही उडी मारावीशी वाटली. बाटलीतल्या माझ्या एकाही नमुन्याला मूळ नव्हतं. आठ काढल्या, आठही मुळांसकट पानावर ओळीने मांडल्या. तीन उघडलेल्या होत्या, त्या ठेवल्या.

आठ म्हणजे तिघींना फार नव्हे. सुमनताईंनी बटाटा घालून रस्सा वाढवला. मग पाट मांडले आणि ताट माझ्यापुढे आलं.

या वेळी त्या चुलीपाशी गेल्या नाहीत. माझ्या शेजारी बसल्या. त्यांची नजर अळंबीवर नव्हती, माझ्या हातावर होती. मी तुकडा मोडला, बुडवला आणि तोंडात टाकला. कोंबडीसारखी चव म्हणतात, तशी ती नाही. पावसाची माती, खोबरं आणि काहीतरी जुनं, गोडसर. मी दुसरा घास घेतला.

"मावशी, लवकर जेवा ना!" रसिका कळवळून म्हणाली.

माझं ताट अर्धंही झालं नव्हतं, आणि सुमनताईंनी पळी उचलली. रिवाज मोडून त्यांनी लेकीच्या ताटात वाढलं, भरपूर, आपला वाटाही त्यातच.

"आये, मावशींचं व्हायचंय अजून."

"झाला तेंचा," सुमनताई म्हणाल्या. "तू खा. पुडल्या साली बाळास घिऊन ये. काढायला ह्या बाई हायत."